मोकळा कोड आणि त्याच्या अटी

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी 'अबाउट फोन' असते. त्याच्या आत कायदेशीर माहितीचे पान आणि त्याच्याही आत ओपन सोर्स परवान्यांची यादी. ती उघडली की संपता संपत नाही. चित्र उघडणारी लायब्ररी, झिप सोडवणारी लायब्ररी, आवाज, नेटवर्क, अक्षरे, तारखा अशा शेकडो तुकड्यांची नावे येत राहतात आणि प्रत्येकाखाली कॉपीराइटची ओळ, वर्ष, एखाद्या माणसाचे किंवा विद्यापीठाचे नाव आणि परवान्याचा मजकूर असतो. फोनच्या कंपनीने हे पान हौसेने छापलेले नाही. ज्यांनी तो कोड लिहून मोकळा केला त्यांची ती अट आहे: घ्या, बदला, विका, पण आमचे नाव आणि हा मजकूर सोबत जाऊ द्या. त्याच यादीतल्या काहींची अट याहून बरीच मोठी आहे.

ओपन सोर्सचा सगळा व्यवहार अशा अटींवर चालतो. लिहिणाऱ्यापुढे कोणता परवाना द्यायचा हा प्रश्न असतो. वापरणाऱ्यापुढे, घेतलेल्या कोडच्या अटी कशा पाळायच्या हा. हे प्रश्न वकिलाकडे पोचतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, कारण त्यांची उत्तरे त्याआधीच प्रोग्रामरच्या टेबलावर, कोणाच्या लक्षातही न येता ठरून गेलेली असतात.

परवाना नसेल तर परवानगीही नाही

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७चा. संगणकाचा प्रोग्राम त्यात 'साहित्यकृती'च्या व्याख्येत घातलेला आहे. म्हणजे कादंबरीला जे संरक्षण तेच कोडला: लिहिल्या क्षणापासून, नोंदणी न करता, लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे. कोणाला तो कॉपी करायचा, बदलायचा किंवा पुढे द्यायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी हवी. ओपन सोर्स परवाना म्हणजे ही परवानगी, सगळ्या जगाला एकदाच लेखी देऊन टाकलेली.

यातून निघणारा पहिला निष्कर्ष अनेकांना चकित करतो. इंटरनेटवर उघड्यावर ठेवलेला, पण परवाना नसलेला कोड मोकळा नसतो. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर असे असंख्य प्रकल्प आहेत. त्यांत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्पही पुष्कळ. विद्यार्थ्याचा हेतू वाटून टाकण्याचाच असतो, परंतु परवान्याची फाइल टाकायची राहून जाते आणि काळजीपूर्वक काम करणारी कंपनी त्या कोडला हात लावत नाही. उत्तम काम नुसत्या एका फाइलवाचून निरुपयोगी पडून राहते.

दुसरी अडचण मालकीची. परवाना तोच देऊ शकतो ज्याच्याकडे हक्क आहे. कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक-कंपनी असते. हिंजवडीतल्या एखाद्या अभियंत्याने रात्री घरी लिहिलेला कोड या ओघात येतो की नाही, हे त्याच्या नेमणूकपत्रातल्या शब्दांवर ठरते आणि काही नेमणूकपत्रांचे शब्द फारच ऐसपैस असतात. म्हणून बाहेरच्या प्रकल्पाला कोड देण्याआधी कंपनीकडून ईमेलवर का होईना, लेखी परवानगी घेऊन ठेवणे शहाणपणाचे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचे उलटे असते. करारात हक्क लिहून दिलेले नसतील तर कोड त्याचाच राहतो आणि पैसे मोजलेल्या ग्राहकाला हे फार उशिरा कळते.

दोन घराणी

अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरचे सॉफ्टवेअर रिचर्ड स्टॉलमन यांनी बदलून घेतले होते. कागद अडकला की प्रिंटरची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाई. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली होती. पुढे स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमच्या प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आणला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ची, तिसरी २००७ची.

जीपीएलची युक्ती कॉपीराइटच्याच जोरावर उभी आहे. कोड वापरा, बदला, हवा तर विका. मात्र त्याची किंवा त्यावर रचलेल्या कामाची प्रत दुसऱ्याला दिलीत तर त्यालाही सोर्स कोड आणि हेच सगळे हक्क द्यावे लागतील. या तऱ्हेला कॉपीलेफ्ट म्हणतात. लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रथम दिले तेव्हा त्याच्या अटींत पैसे घेऊन वाटण्याला मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी ते जीपीएलखाली आणले. आज राउटरपासून महासंगणकापर्यंत चालणारा तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, अजूनही जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीवरच आहे.

दुसरे घराणे विद्यापीठांतले. बर्कलीचा बीएसडी आणि एमआयटीचा परवाना मोजक्या परिच्छेदांत संपतात. काहीही करा, बंद उत्पादनातही घाला. कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर तेवढा सोबत ठेवा. २००४चा अपाची २.० याच वळणाचा, पण जास्त विचाराने लिहिलेला. कोड देणारा त्या कोडपुरते आपले पेटंटचे हक्कही त्यात देऊन टाकतो, आणि त्या कोडवरून कोणी पेटंटचा दावा ठोकला तर त्याला मिळालेला पेटंटचा परवाना तिथेच संपतो.

मधल्या जागाही भरलेल्या आहेत. एलजीपीएल लायब्ररींसाठी: लायब्ररीत केलेले बदल मोकळे ठेवा, तिला जोडलेला तुमचा प्रोग्राम बंद राहिला तरी चालेल, फक्त वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून पुन्हा जोडता आली पाहिजे. मोझिलाचा एमपीएल हीच रेषा फाइलपाशी आखतो. त्यांच्या फायली बदलल्या तर त्या उघड्या, शेजारी लिहिलेल्या नव्या फायली तुमच्या मर्जीच्या. एजीपीएल सर्वांत कडक, आणि तो का कडक आहे हे समजण्यासाठी जीपीएलची अट नेमकी केव्हा लागू होते ते पाहावे लागते.

ती लागू होते प्रत दिल्यावर. स्वतःच्या कार्यालयात जीपीएलचा कोड कितीही बदलून वापरला तरी कोणाला काही द्यावे लागत नाही. सर्व्हरवर तो कोड चालवून त्यावर वेबसाइट उभी केली, तरी ग्राहकाच्या हाती प्रत जात नाही, म्हणून अट जागी होत नाही. एजीपीएल ही वाट बंद करतो: बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून लोक वापरत असतील तर त्यांनाही सोर्स द्यावा लागतो. उलट, ज्या गोष्टी 'देणे' वाटत नाहीत त्या देण्यात मोडतात. प्ले स्टोअरवरचे अॅप म्हणजे प्रत देणे. ब्राउझरमध्ये उतरणारी जावास्क्रिप्ट म्हणजे प्रत देणे. पुण्यातल्या कंपनीने परदेशी क्लाएंटला केलेली डिलिव्हरी म्हणजेही प्रत देणे, आणि आपल्याकडच्या सेवा कंपन्यांना सगळ्यांत जास्त लागू असलेली बाब हीच. तिच्याविषयी एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. जीपीएलचा कोड क्लाएंटला दिला म्हणजे तो जगजाहीर करावा लागतो असे नाही. सोर्स आणि हक्क त्या क्लाएंटला मिळाले पाहिजेत. पुढे त्याने तो कोणाला दिला, तर रोखता येत नाही, इतकेच.

निवड करताना

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची दोन कामे शेजारी ठेवली की निवडीमागचा विचार दिसतो. ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, माल, विक्री सांभाळणारे तयार उत्पादन जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. ते ज्याच्यावर उभे आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी परवान्याखाली. पायाभूत चौकट सैल परवान्यावर असल्याने कोणीही तिच्यावर आपले बंद किंवा उघडे अॅप रचू शकतो आणि चौकटीचा प्रसार होतो. तयार उत्पादन कॉपीलेफ्टखाली असल्याने कोणी त्यात भर घालून ते विकले, तर घेणाऱ्याला ती भर सोर्ससकट मिळते. बंगळुरूच्या ट्रिपल आयटीत सुरू झालेल्या मोसिप या ओळख-प्रणालीने एमपीएल २.० घेतला. वेगवेगळ्या देशांची सरकारे आणि त्यांचे कंत्राटदार जिथे आपापले भाग जोडणार, तिथे फाइलपाशी आखलेली रेषा सोयीची पडते.

अक्षरांचे जग वेगळे. जीपीएल फाँटला नीट बसत नाही. पीडीएफमध्ये फाँट रुतला की त्या दस्तऐवजाचे काय, हा प्रश्न उभा राहतो आणि त्यासाठी वेगळी सवलत जोडावी लागते. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळलेला लोहित फाँट आधी अशा सवलतीसह जीपीएलखाली होता आणि पुढे ओपन फाँट लायसन्सवर आला. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू, आयआयटी मुंबईचा शोभिका हे सारे याच परवान्याखाली आहेत. फाँट नुसताच वेगळा विकता येत नाही, बदललेला फाँट याच परवान्याखाली द्यावा लागतो, लेखकाने राखून ठेवलेले नाव बदललेल्या फाँटला लावता येत नाही. आणि त्या अक्षरांत छापलेल्या मजकुरावर कसलीही अट नाही. मराठी प्रकाशकांना आज विनाखर्च, विनाधास्ती चांगली अक्षरे वापरता येतात ती यामुळे.

निवडीत काय टाळावे याचीही ठोस उदाहरणे आहेत. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन या माहितीच्या स्वरूपाच्या कोडला जोडलेल्या परवान्यात हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे, अशी ओळ घातली. हेतू निर्मळ होता. पण चांगले कोण ठरवणार? डेबियन या लिनक्स वितरणाने तो कोड मुक्त मानला नाही आणि अपाची फाउंडेशनने २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांतून तो बाद ठरवला. फेसबुकने रिअॅक्ट या आपल्या जावास्क्रिप्ट लायब्ररीला बीएसडीसोबत पेटंटचे स्वतःचे जोडपत्र लावले होते. जुलै २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनने तेही नाकारले आणि सप्टेंबरमध्ये फेसबुकने रिअॅक्ट साध्या एमआयटीवर आणले. परवान्याचा मजकूर स्वतः रचू नये, आहे त्यात ओळ वाढवू नये. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मान्य केलेल्या प्रचलित परवान्यांतला एक जसाच्या तसा घ्यावा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने लेख, चित्रे, पाठ्यसामग्री यांसाठी उत्तम. सॉफ्टवेअरसाठी ते वापरू नका असे ती संस्था स्वतःच सांगते.

शेजारी बसणारे परवानेही पाहावे लागतात. एमआयटीचा कोड जीपीएलच्या प्रकल्पात जातो, उलटे होत नाही. अपाची २.० चा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मिसळता येतो, पण फक्त दुसऱ्याच आवृत्तीखाली असलेल्या प्रकल्पात नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते पेटंटच्या कलमांमुळे दोन्हींच्या अटी एकत्र पाळता येत नाहीत. व्हीएलसी या लोकप्रिय व्हिडिओ प्लेअरला हा प्रश्न दुसऱ्याच दाराने भेटला. त्याचे आयफोनसाठीचे अॅप जानेवारी २०११ मध्ये अॅपलच्या दुकानातून निघाले, कारण दुकानाच्या अटी जीपीएलशी विसंगत असल्याची तक्रार त्याच्याच एका लेखकाने केली होती. त्यानंतर व्हीएलसीचे इंजिन एलजीपीएलवर नेण्यासाठी वर्षानुवर्षांच्या लेखकांना एकेक करून गाठावे लागले, कारण प्रत्येकाचा हक्क त्याच्यापाशीच होता. ते काम २०१२ पर्यंत चालले.

भारतीय लेखकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, जी अमेरिकी मार्गदर्शकांत सापडत नाही. आपल्या कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क लिहून देताना मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरता. कलम ३०अ हेच कलम, आवश्यक त्या फेरफारांसह, परवान्यांनाही लावते. एमआयटी आणि बीएसडीच्या मजकुरात मुदतही नाही आणि प्रदेशही नाही. अपाची २.० मध्ये कायमस्वरूपी आणि जगभर असे स्पष्ट शब्द आहेत. जीपीएलची तिसरी आवृत्ती कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीचा उल्लेख करते. आपला कोड कोणीही निर्धास्त वापरावा अशी इच्छा असेल, तर इथल्या लेखकाने एमआयटीऐवजी अपाची घेणे अधिक भक्कम.

निळ्या-काळ्या राउटरचे प्रकरण

अटी न पाळल्याने काय होते आणि त्यातून काय निघू शकते, हे सांगायला लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरइतके बोलके उदाहरण नाही. दोन अँटेना असलेली ती निळी-काळी पेटी २००२च्या अखेरीस बाजारात आली आणि घरगुती वायफायच्या पहिल्या लाटेत अमाप खपली. २००३ मध्ये नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये लिनक्सच्या विकासकांत एका जाणकाराने उघड केले की या राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स आणि इतर जीपीएलचा कोड आहे, आणि सोर्सचा कुठे पत्ता नाही.

हे घडले कसे, ते पाहण्यासारखे आहे. राउटरवर नाव लिंक्सिसचे, पण चिप ब्रॉडकॉमची, आणि चिपसोबत येणारे सॉफ्टवेअर पुरवठ्याच्या साखळीतून आलेले. साखळीतल्या प्रत्येकाने मागच्याकडून घेतले आणि पुढच्याला दिले. सोर्स आणि परवान्याचा कागद मध्येच कुठेतरी गळाला. सिस्कोने कंपनी विकत घेताना हा दोष अंगावर घेतला. परवान्याच्या दृष्टीने मात्र ग्राहकाला प्रत देणारा शेवटचा विक्रेता तितकाच बांधील असतो. 'आम्हाला असेच मिळाले' हे उत्तर तिथे चालत नाही.

दबावानंतर २००३ मध्येच सोर्स खुला झाला. मग जे झाले ते कोणीच ठरवलेले नव्हते. हौशी आणि कसबी लोकांनी तो कोड घेऊन राउटरला नवे रूप दिले आणि २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झाले, जे आज कितीतरी कंपन्यांच्या राउटरवर चालते. घरगुती किमतीची पेटी महागड्या उपकरणांची कामे करू लागली. लिंक्सिसने २००५च्या आवृत्तीत स्मृती कमी करून लिनक्स काढले, तेव्हा ग्राहकांनी जुनी आवृत्ती मागितली. कंपनीने ती डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने वेगळी काढली आणि पुढे अनेक वर्षे विकली. परवाना पाळल्यामुळे उत्पादनाला आयुष्य मिळाले. सिस्कोच्या इतर उत्पादनांतल्या त्रुटी मात्र राहिल्याच. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये दावा लावला आणि मे २००९ मध्ये तडजोड झाली. तिच्यात लिंक्सिससाठी या अटींच्या पालनावर देखरेख करणारा अधिकारी नेमण्याचे सिस्कोने कबूल केले.

न्यायालयाचे शब्द

या परवान्यांना कायद्यात वजन आहे का, अशी शंका बरीच वर्षे घेतली जाई. जर्मनीत ती लवकर मिटली. लिनक्समधल्या नेटफिल्टरचे एक लेखक हाराल्ड वेल्टे यांच्या अर्जावर म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये साइटकॉम कंपनीला, जीपीएलच्या अटी पाळल्याशिवाय वाटप करण्यास मनाई केली.

अमेरिकेतला निर्णायक खटला खेळण्यातल्या रेल्वेवरून झाला. बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसेन मॉडेल रेल्वे चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात होते. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने त्यातल्या फायली लेखकांची नावे आणि परवाना गाळून आपल्या उत्पादनात घेतल्या. खालच्या न्यायालयाने याला फार तर कराराचा भंग मानले. ऑगस्ट २००८ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने ते फिरवले: परवान्यातल्या या गोष्टी अटी आहेत, त्या मोडल्या की परवानगी उरत नाही, आणि मग तो कॉपीराइटचाच भंग. पैसे न घेता दिलेल्या कोडलाही आर्थिक मोल असते, हेही त्या निकालात आले. ज्या परवान्यावरून हा खटला झाला तो आर्टिस्टिक लायसन्स फारसा कोणी वापरत नाही, पण निकालाचा आधार सगळ्याच परवान्यांना मिळाला.

चूक झाल्यावर सावरायची सोय आवृत्तीगणिक वेगळी आहे. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत अट मोडताच हक्क आपोआप संपतात. तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदाच चूक झालेल्याने नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तर हक्क परत मिळतात. लिनक्सच्या अनेक लेखकांनी २०१७ मध्ये निवेदन काढून हीच सवलत कर्नललाही देऊ केली. एकेका कंपनीला गाठून पैसे उकळण्यासाठी परवान्याचा वापर होऊ लागला होता आणि त्यांना तो थांबवायचा होता. कोड उघडा व्हावा हा परवान्याचा हेतू. दंड वसूल करणे हा नाही, आणि ही भूमिका योग्यच आहे.

कंपनीतले रोजचे काम

पालनाचे काम प्रत्यक्षात हिशेबनिसासारखे असते: काय आले, कुठून आले, कोणत्या अटीवर आले, कुठे गेले. अवघड जाते ते आवक अफाट असल्याने. प्रोग्रामर एक लायब्ररी जोडतो. ती दहा जोडते. त्या दहा आणखी शंभर. मुख्य लायब्ररी एमआयटीची म्हणून निश्चिंत राहावे आणि तिच्या पोटात चौथ्या पातळीवर एजीपीएलचा तुकडा निघावा, असे होते. शिवाय हाताने चिकटवलेला कोड कुठल्याच यादीत दिसत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरची उत्तरे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय आणि समान-वाटप अटींवर असतात, हे तिथून ओळी उचलणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

म्हणून स्कॅनर चालवतात. फॉसॉलॉजी आणि स्कॅनकोड ही दोन साधने स्वतः ओपन सोर्स आहेत. ती प्रत्येक फाइल वाचून परवान्याचा मजकूर आणि कॉपीराइटच्या ओळी हुडकतात. यंत्राचे उत्तर अंतिम मानता येत नाही. 'जीपीएलला पर्याय म्हणून' असे वाक्य टिप्पणीत असले तरी स्कॅनर जीपीएल सापडल्याचे सांगतो. अशा नोंदी माणसाने उघडून पाहाव्या लागतात आणि या कामाचा बहुतेक वेळ तिथेच जातो. फाइलच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्सचा परवाना-संकेत लिहिण्याची पद्धत रुळली तेव्हापासून हा त्रास बराच कमी झाला. एसपीडीएक्स २०२१ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाणक आहे. त्याच भाषेत सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, दिली जाते. क्लाएंट ती आता करारातच मागतात आणि भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सुरक्षेसाठी बनवलेली ही यादी परवान्यांसाठीही तितकीच कामाची.

यादीनंतर येते देणे फेडणे. एमआयटी आणि बीएसडीसाठी कॉपीराइटच्या ओळी आणि मजकूर. अपाचीसाठी त्याशिवाय नोटीस नावाची फाइल आणि बदललेल्या फायलींत तशी नोंद. हे सोपे आहे आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात. वेबसाइट वेगाने उघडावी म्हणून जावास्क्रिप्ट आवळली जाते आणि त्या आवळण्यात टिप्पण्यांसोबत परवान्याचा मजकूरही उडतो. बिल्डची मांडणी करतानाच तो राखण्याची आज्ञा दिली तर प्रश्न कायमचा सुटतो.

जीपीएलसाठी सोर्स द्यावा लागतो, आणि कोणता, हे दुसऱ्या आवृत्तीत नीट लिहिले आहे: सगळ्या भागांचा सोर्स, शिवाय संकलन आणि स्थापना चालवणाऱ्या स्क्रिप्टसुद्धा. खऱ्या अडचणी इथे उघड होतात. कंपनी मोठी झिप फाइल देते, पण तिच्यातून बिल्ड होत नाही, किंवा होते ते भलत्याच आवृत्तीचे. म्हणून प्रत्येक रिलीजच्या दिवशीच, बिल्ड ज्याच्यातून झाला तो नेमका सोर्स बाजूला काढून ठेवावा आणि टीममध्ये नसलेल्या एखाद्याला तो स्वच्छ संगणकावर बिल्ड करायला सांगावे. दोन वर्षांनी मागणी आल्यावर हे जुळवायला बसले, तर ज्यांना माहीत होते ते तोवर नोकरी सोडून गेलेले असतात.

परवाना बदलतो तेव्हा

गेल्या काही वर्षांत पालनकर्त्यांपुढे आणखी एक काम आले. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, टेराफॉर्मच्या हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपले परवाने बदलून असे घेतले की जे ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येत बसत नाहीत. मोठ्या क्लाउड कंपन्या आमचा कोड फुकट घेऊन सेवा विकतात, ही त्यांची तक्रार होती. उत्तरादाखल जुन्या परवान्याच्या शेवटच्या आवृत्तीवरून फोर्क, म्हणजे स्वतंत्र शाखा, निघाले: इलॅस्टिकवरून ओपनसर्च, टेराफॉर्मवरून ओपनटोफू, रेडिसवरून व्हॅल्की. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय दिला.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. दिलेला परवाना त्या आवृत्तीपुरता परत घेतला जात नाही. बदल पुढच्या आवृत्तीपासून लागतो. म्हणून नोंदवहीत नुसते नाव लिहून भागत नाही, आवृत्तीही लिहावी लागते. आणि कंपनीला असा एकतर्फी बदल करता येतो तो तिच्याकडे सगळ्यांच्या कोडवर तेवढे हक्क असतील तरच. सैल परवान्याचा कोड पुढे बंद करायला फारशी आडकाठी नसते; कॉपीलेफ्टच्या प्रकल्पात मात्र कंपन्या योगदान करारावर सही घेऊन हा हक्क आपल्याकडे ओढतात. लिनक्स २००४ पासून निराळी पद्धत वापरते: हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असे प्रत्येक बदलाखाली एका ओळीत लिहून सही करायची, हक्क ज्याचा त्याच्यापाशी. हजारो मालक असलेले लिनक्स उद्या कोणी बंद करू शकत नाही. आपला वेळ देणाऱ्याने सही करण्यापूर्वी हा फरक पाहून घ्यावा.

विकत घेणाऱ्याचा हक्क

आतापर्यंतचे बहुतेक दावे कोडच्या लेखकांनी लावले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने कॅलिफोर्नियात विझिओ कंपनीवर लावलेला दावा वेगळा आहे. संस्था तिथे टीव्ही विकत घेणारी ग्राहक म्हणून उभी राहिली: टीव्हीत लिनक्स आहे, जीपीएलने सोर्स मिळण्याचा हक्क घेणाऱ्याला दिला आहे, तो आम्हाला द्या. हा केवळ कॉपीराइटचा मामला असून लेखकच दावा करू शकतो, हा विझिओचा युक्तिवाद फेडरल न्यायालयाने मे २०२२ मध्ये मान्य केला नाही आणि प्रकरण कराराचा प्रश्न म्हणून राज्य न्यायालयाकडे परत पाठवले.

जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत विक्रेत्याने सोर्स सोबत दिला नसेल तर किमान तीन वर्षे चालणारे लेखी वचन द्यावे लागते, आणि ते वचन कोणाही तिसऱ्या व्यक्तीला लागू असते. पाठवणीच्या खर्चाहून जास्त पैसे घेता येत नाहीत. घरातल्या राउटर, टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्सच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर, नाहीतर त्याच्या सेटिंग्जमध्ये, बऱ्याचदा असा पत्ता किंवा ईमेल बारीक टायपात छापलेला असतो. ज्यांना सोर्स कोड वाचता येतो त्यांनी तो पत्ता शोधावा आणि मॉडेल व फर्मवेअरची आवृत्ती लिहून सोर्स मागावा. आला तर बिल्ड करून पाहावा. अपुरा निघाला तर काय नाही ते नेमके कळवून पुन्हा लिहावे. मागणीच आली नाही, तर या वचनामागे खरोखर काही ठेवलेले आहे का, हे कंपनीलाही तपासावेसे वाटत नाही.